एक नंबर मिलची पाटी

रेटिंग म्हणजे परीक्षेचे गुण नव्हेत. हे वाक्य मी गेल्या सोळा वर्षांत इतक्यांदा बोलले आहे, की आता माझेच कान किटले आहेत. खरेदी समितीतली माणसं समोर बसतात, चहा घेतात, माझे तिन्ही तक्ते माना डोलवत पाहतात आणि शेवटी म्हणतात, मॅडम, ते सगळं ठीक आहे, पण आकडा एकच काय तो सांगा.

म्हणून मी हमालाचं उदाहरण द्यायचे. बाजारातला धडधाकट हमाल एखाद्या वेळी दीड क्विंटलचं पोतं पाठीवर पेलून दाखवतो. दिवसभर मात्र तो पन्नास किलोचीच पोती वाहतो. आणि पत्र्याच्या शेडमध्ये, वारा पडलेला असताना, तेही पस्तीसवर येतं. तिथे स्नायू कमी पडत नाहीत, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही म्हणून माणूस बसतो. आता यांतली त्याची खरी ताकद कोणती? तिन्ही. गिअरबॉक्सचंही असंच असतं. दाते क्षणभर किती झटका सोसतील हा एक आकडा, वर्षानुवर्षं किती पीळ सोसतील हा दुसरा, आणि आतली उष्णता बाहेर टाकत सलग किती जोरानं चालेल हा तिसरा. शिवाय काम कसलं आहे तेही पाहायचं. पंख्याला पुरणारी गिअरबॉक्सची पेटी उसाच्या मिलला पुरत नाही, कारण ऊस कधी ढिगानं येतो, कधी अडकतो, कधी एकदम सुटतो. तिथे जवळजवळ दुपटीची पेटी लागते. एवढं सांगून झालं की समिती पुन्हा विचारायची, मग आकडा?

आमच्या कंपनीच्या पेट्या ग्रहमालेच्या. मधोमध एक दातेरी चाक, त्याला सूर्य म्हणायचं. त्याच्याभोवती फिरणारे तीन ग्रह. आणि सगळ्यांना कवेत घेणारं बाहेरचं दातेरी कडं. सूर्याचा जोर तिघांत वाटला जातो, म्हणून जुन्या अवजड चाकांचं काम ही पेटी पाव जागेत करते. पण लहान असण्याचा तोटा असा, की उष्णता बाहेर टाकायला अंगही लहानच मिळतं. त्यासाठी पेटीच्या पाठीवर फासळ्या ओततात, म्हणजे हवेला अंग जास्त मिळतं. मी पहिल्यांदा स्वतंत्रपणे आखलेल्या पेटीला चौदा फासळ्या होत्या, आणि दोन फासळ्यांच्या मधे बोट आत जाईल एवढी खाच होती.

ती पेटी शिरोळकडच्या आमच्या गावच्या साखर कारखान्यात एक नंबर मिलला, म्हणजे ऊस पिळणाऱ्या पहिल्या चरकाला, बसली. तिथले मिल फोरमन नेमगोंडा मगदूम हे माझे वडील. मी त्यांना अण्णा म्हणते, सगळा कारखानाही अण्णाच म्हणतो. साचा करणाऱ्या कारागिराला गळ घालून मी पेटीच्या बाजूला माझी आद्याक्षरं ओतून घेतली होती, त्रि. म. कंपनीच्या ते लक्षातही आलं नाही. अण्णांच्या मात्र पहिल्याच दिवशी आलं.

पुढे २०३५ साली आम्ही जिवंत पाटी काढली आणि समितीवाल्यांना हवा होता तो एकच आकडा मिळाला. तोवर पेटीवर पितळी पाटी असायची, त्यावरचे आकडे कारखान्यातून निघताना कोरलेले, ते जन्मभर तसेच. आम्ही प्रत्येक ग्रहाच्या खुंटीवर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा बसवला. त्यावर ताण आला की तो आपली वीज आपणच तयार करतो, आणि दाते किती सोसताहेत, तेल किती तापलंय ते बाहेरच्या पाटीला कळवतो. पाटी गणित करून सांगते, की आज या घडीला पेटीत मूळ ताकदीच्या किती टक्के उरली आहे. त्याहून जास्त जोर मोटर लावूच शकत नाही. चालत्या पेट्यांनाही आम्ही ती बसवून दिली.

आता यातली खरी गोम सांगते. पेटी अपेक्षेपेक्षा जास्त तापली तर कारण शोधायला हवं. बाहेरची हवा किती गरम, तेल कसं आहे, भार किती आहे, हे सगळं पाटीला कळतं. ते एकेक वजा करायचं. वजा करूनही जी उष्णता उरते, ती कुणाच्या तरी नावावर टाकायला हवी होती. आम्ही ती चालकाच्या नावावर टाकली. माणूस झटक्यानं सुरू करतो, अडकलेली मिल रेटतो, म्हणून दाते घासतात, असं आमचं म्हणणं. हाताळणी अंक हे नाव मी सुचवलं. समीकरणही मीच लिहिलं. त्याबद्दल मला बढती मिळाली.

दोनच वर्षांत तो अंक राज्याच्या चालक नोंदवहीत जाऊ लागला, आणि ज्याचा अंक चाळीसच्या खाली जाईल त्याला कुठल्याही कारखान्यात मोठ्या यंत्राला हात लावता येणार नाही असा नियम झाला. नियम मी केला नव्हता. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे.

२०४१च्या जानेवारीत, ऐन हंगामात, अण्णांचा फोन आला. हंगाम चालू असताना हा माणूस कधी फोन करत नाही, म्हणून मी मीटिंगमधून उठून बाहेर आले. त्यांनी आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली, मग आईचे गुडघे कसे आहेत ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "मला मिलवर जाऊ देईनात गं. अडतीस पडलाय म्हणं माझा."

चौतीस हंगाम त्या माणसानं ऊस गाळला होता. हा शेवटचा. हंगामाची सांगता झाली की निवृत्ती. शेवटची मोळी आपल्या हातानं मिलमध्ये जावी, एवढंच त्यांना हवं होतं, आणि गेली पाच वर्षं ते घरात त्याबद्दल बोलत होते. मी फोन ठेवला आणि माझ्याच कंपनीच्या नोंदी उघडल्या. एक नंबर मिल, पेटीचं रेटिंग एकाहत्तर. चालक ने. मगदूम, हाताळणी अडतीस. दर वर्षी थोडं थोडं उतरत आलं होतं. दर वर्षी हा तक्ता माझ्या टेबलावरून गेला होता आणि मी तो पाहिला नव्हता.

कारखान्याची तक्रारही आलेली होतीच. माझे वरिष्ठ दिघे म्हणाले, तुमच्याच गावचं आहे, तुम्हीच जाऊन या, दाते झिजलेत असं लिहून टाका आणि नवी पेटी सुचवा. त्या चालकाचं माझं नातं काय ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग पार कॅनॉलच्या पुलापर्यंत लागली होती. एक नंबर मिल एकाहत्तर टक्क्यांवर चालत होती आणि मागच्या तीन मिल तिच्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या. मिल हाउसच्या आत जायला लोखंडी फाटक आहे, त्याला कार्ड दाखवावं लागतं. त्या फाटकाच्या बाहेर, बाकावर, इस्त्री केलेल्या गणवेशात अण्णा बसले होते. शेजारी जेवणाचा डबा. हजेरी लावून रोज आठ तास ते तिथेच बसत, हे मला चीफ इंजिनिअर ऐनापुरे साहेबांनी हळू आवाजात सांगितलं. मिलवर दुसरा माणूस होता, आणि त्याला आवाजावरून काही कळत नव्हतं, म्हणून तो दर दहा मिनिटांनी फाटकाशी येऊन अण्णांना विचारून जात होता. हे बघून माझं डोकंच फिरलं.

मी पडद्याच्या नोंदी काढल्या. तिन्ही ग्रहांवर भार सारखा वाटला जात होता. दात्यांचा आवाज मोजला, नव्यासारखा स्वच्छ. तेलाचा नमुना पाहिला, त्यात लोखंडाचा कणही नव्हता. म्हणजे झीज नाही. तरी तेल त्र्याण्णव अंशांवर. घर्षण नाही आणि उष्णता मात्र आहे, असं कसं होईल? दोन तास मी स्वतःवर, पाटीवर आणि ऐनापुरे साहेबांच्या सततच्या चहावर चिडत होते.

मग तापमापी चिकटवायला पेटीच्या पाठीवर हात फिरवला, दोन फासळ्यांमधली खाच शोधत. खाच सापडेना. पुन्हा फिरवला. माझ्या चौदा फासळ्यांची पेटी बत्ताशासारखी गुळगुळीत होती. झगझगीत निळा ऑइल पेंट, त्यावर हळदीकुंकवाची बोटं, आणि कोपऱ्यावर झेंडूच्या वाळक्या हाराचा दोरा.

मी उष्णतेचा कॅमेरा लावला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळी पेटी थंड, निळसर दिसली, साठेक अंश. आत त्र्याण्णव आणि बाहेर साठ, म्हणजे पेटी गोधडी पांघरून बसली होती. फक्त एका बाजूला दोन ठिपके पांढरेफटक तापलेले. मी जवळ गेले. ती अक्षरं होती, त्रि. म. त्यांच्यावर लाल रंगाचा फक्त एक पातळ हात होता.

मी ऐनापुऱ्यांना विचारलं, ही पेटी कोण रंगवतं. त्यांनी फाटकाकडे पाहिलं.

दर वर्षी खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते, त्याआधी सगळं रंगवून काढतात. ही रीत मला लहानपणापासून ठाऊक. शेवग्याच्या शेंगेएवढी होते तेव्हापासून मी त्या पूजेचा नारळ खात आले आहे. बाकीची यंत्रं कंत्राटी पेंटर रंगवत. एक नंबरची पेटी अण्णा स्वतः रंगवत. खाचांत बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, भुसा बसतो, पाहुणे आले की मळकट दिसतं, म्हणून त्यांनी पहिल्या वर्षी खाचांत थोडी लांबी भरली, दारं-खिडक्या रंगवण्याआधी भरतात तीच. ती घासून वर दोन हात दिले. पुढच्या वर्षी आणखी थोडी. आठ वर्षांत फासळ्या पार बुजल्या. अक्षरं मात्र दर वर्षी खरवडून कोरी करायची आणि त्यांना एकच पातळ हात द्यायचा, म्हणजे ठसठशीत दिसावीत. पाटीला हवा कळत होती, तेल कळत होतं, भार कळत होता. पेटीच्या अंगावर काय चढलंय ते कळायची सोयच नव्हती. आम्ही धरून चाललो होतो, की पेटी आमच्याकडून निघाली तशीच राहील.

मी फाटकापाशी गेले आणि भांडले. सगळ्यांसमोर. चौतीस वर्षं यंत्रं चालवलीत, आणि फासळ्या कशासाठी असतात एवढं कळू नये? ही काय कपाटाची फळी आहे? स्वतःच्या हातानं स्वतःचा गळा आवळलात. असं आणि यापेक्षाही वाईट बोलले. अण्णा खाली मान घालून ऐकत राहिले. मला वाटतं, माझ्यापुढे त्यांनी मान खाली घातली ती आयुष्यात पहिल्यांदाच.

"तुझी पेटी म्हणून चांगली दिसावी, असं वाटलं," ते म्हणाले. "बाकीच्या मिलला कुठं मी लांबी लावली?"

मग अगदी साधेपणानं त्यांनी विचारलं, की हे करायचं नाही असं कुठं लिहिलं होतं का. मी तावातावानं माहितीपुस्तक उघडलं. लिहिलं होतं. पान दोनशे बारा, इंग्रजीत, बारीक टाइपात. मराठी पुस्तक तीस पानांचं होतं. ते मीच केलं होतं, आणि वेळ नाही म्हणून पुढचं सोडून दिलं होतं. मला तिथेच बाकावर अण्णांच्या शेजारी बसावं लागलं. त्यांनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मिल थांबवून आम्ही पेटी खरवडली. अण्णांना फाटकाच्या आत यायला बंदी, म्हणून ते बाहेरून सांगत होते, पटाशी तिरकी धर, जोर लावू नको, ओतीव हाय ते. लांबीच्या बोटभर जाड पट्ट्या निघाल्या, त्यांत एकेका वर्षाचा रंग दिसत होता. हिरवा, पिवळा, पुन्हा हिरवा, निळा. संध्याकाळी मिल सुरू केली. रात्रभरात तेल एकोणसत्तरवर आलं आणि सकाळी पाटीवर शहाण्णव उजळलं. ऐनापुरे साहेबांनी पेढे मागवले. रस्त्यावरची रांग हलली.

मी खालची ओळ पाहिली. चालक ने. मगदूम, हाताळणी अडतीस.

वाटलं, पाटी अजून गणित करत असेल. तासभर थांबले. दुपारपर्यंत थांबले. मग माझंच समीकरण उघडून बघितलं आणि मला उमगलं. झिजलेला दाता पुन्हा भरून येत नाही. म्हणून झिजेचा आकडा मी फक्त उतरता ठेवला होता, आणि ते बरोबरच होतं. पेटीच्या तापमानाचा भाग वेगळा, तो खालीवर होतो, म्हणून पेटी शहाण्णववर आली. माणसाचा अंक काढताना मी घाईत झिजेचीच ओळ उचलून त्याला लावली होती. माणसाचा अंक वर जाण्याची वाट मी लिहिलीच नव्हती. सहा वर्षांत कुणी विचारलंही नव्हतं.

मी पुण्याला परत आले आणि अहवाल लिहिला. पेटीत दोष नाही, चालकाचा दोष नाही, समीकरणात पेटीच्या अंगावर चढलेल्या थराला जागाच नाही, आणि हाताळणी अंक मुळातच चुकीचा आहे. ते समीकरण लिहिणारी मीच आहे. राज्यात अशा अकराशे पाट्या आहेत आणि रंगरंगोटी सगळीकडेच होते, हेही लिहिलं. दिघ्यांनी तो दोनदा वाचला. त्यांनी मला चालकाचं आडनाव काय म्हणून विचारलं, आणि मग माझं आडनाव काय, ते त्यांचं त्यांनाच आठवलं. वडिलांना वाचवायला आख्ख्या कंपनीचं नाक कापताय, असं म्हणाले. नोंदवही सुधारायची तर राज्याच्या समितीपुढे जावं लागेल, समिती जूनमध्ये बसते, तोवर तुम्ही रजेवर जा. मी सांगून पाहिलं, की हंगाम मार्चमध्ये संपतो. ते म्हणाले, कसला हंगाम?

मी रजेचा अर्ज दिला. कार्ड मात्र दिलं नाही, ते कुणाला मागायचं सुचलं नाही. पाटी आखणाऱ्याचं कार्ड राज्यातल्या कुठल्याही फाटकाला चालतं आणि चालक म्हणूनही चालतं, कारण चाचणीसाठी आम्हालाच पेटी चालवावी लागते. माझा हाताळणी अंक शंभर होता. मी फारशी कधी पेटी चालवलीच नव्हती.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी मी सकाळच्या पाळीला कारखान्यात हजर झाले. ऐनापुरे साहेबांना सगळं सांगितलं. ते टक्कल खाजवत म्हणाले, नियमात चालकाच्या जोडीला जाणकार माणूस उभा राहू नये असं काही नाही, पाहुण्याचा पास मी देतो. मी फाटकाला कार्ड लावलं. अण्णा माझ्यामागून पाहुणे म्हणून आत आले, छातीला पाहुण्याची चिठ्ठी लावून, स्वतःच्या मिलवर.

कायद्यानं हात माझा हवा होता, म्हणून मिलचा वेग कमीजास्त करायच्या चावीवर हात माझा. त्यावर त्यांचा. ऊस जास्त आला की ते माझी बोटं हलकेच मागे ओढायचे, अडकला की दाबून धरायचे, रेटायचे नाहीत. तोंडानं काही सांगत नसत, त्या आवाजात ऐकूही आलं नसतं. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या आधी हात हलवून दोनदा मिल तुंबवली, आणि ते माझ्यावर असे ओरडले, की मागच्या भांडणाची फिट्टंफाट झाली. मग मी हात सैल सोडायला शिकले. सत्तेचाळीस पाळ्या आम्ही अशा काढल्या. मला दर दिवशी भीती वाटत होती, की संध्याकाळी पाटीवर माझा अंक खाली आलेला दिसेल आणि त्यांचा हात खरंच खराब होता असं ठरेल. अंक हलला नाही.

काल हंगामाची सांगता झाली. शेवटची मोळी हार घालून आणली आणि ती आमच्या दोघांच्या हातानं मिलमध्ये गेली. चोथा बाहेर पडला, मिल रिकामी फिरायला लागली, आणि अण्णांनी माझ्या हातावरचा हात काढून घेतला. पाटीवर शहाण्णव होतं. खाली लिहिलं होतं, चालक त्रिशला मगदूम, हाताळणी शंभर.

अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि ती ओळ दोनदा वाचली. मग माझ्या पाठीवर थाप मारली.

"शंभर पडलं की गं तुला," ते म्हणाले, आणि सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवू लागले.

रेटिंग म्हणजे गुण नव्हेत, हे मी त्यांना सांगितलं नाही. संध्याकाळी घरी येऊन नोंदवही उघडली. त्यांच्या नावासमोर अडतीसच आहे.